नाही म्हणता न येणारी पोरं

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, संध्याकाळी साडेपाच वाजता, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात प्रज्वल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलावर अन्याय झाला. मारोतीच्या पारासमोर, लख्ख उजेडात, दहा-अकरा मोठ्या माणसांच्या देखत त्याच्या हातात पेटलेली सिगरेट दिली गेली. देणारा त्याचा सख्खा काका. "घे हिरो, आता खरी ओढून दाखव." प्रज्वलनं ती घेतली, ओढली, खोकला, आणि सगळे हसले. एकानंही त्याचा हात धरला नाही.

त्या वेळी मी तिथून पंधरा पावलांवर होते. आमचं तंबाखूविरोधी पथनाट्य नुकतंच संपलं होतं आणि मी कापडी फलक दोन खांबांवरून सोडवून त्याची घडी घालत होते. हशा ऐकू आला. मला वाटलं, नाटक आवडलं. मोबाइल काढून मी गर्दीचा फोटो घेतला, कारण अहवालाला फोटो लागतो.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मुलाचं नाव बदललं आहे. काकाचं नाव लिहायची फार इच्छा होती, पण ते लिहिलं तर मुलाचंही कळेल, म्हणून गिळते. बाकी सगळं घडलं तसं लिहिणार आहे. दोषींमध्ये माझं नाव आहे, तेही लपवणार नाही.

लोक विचारतात, तू नेमकं काय काम करतेस? मी मंगरूळपीर आणि मानोरा तालुक्यांतल्या शाळांत जाते आणि आठवी ते दहावीच्या मुलांशी तंबाखू, बिडी, सिगरेट याविषयी बोलते. पाच वर्षं झाली. पाठीवर पिशवी, पिशवीत पत्रकं, गुंडाळलेला फलक, तोंडाच्या कॅन्सरचे रंगीत फोटो, पाण्याची बाटली. एस.टी.तले कंडक्टर मला ‘बिडीवाल्या मॅडम’ म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता शाळेच्या फाटकावर मीच सांगते, "सरांना म्हणावं, बिडीवाली आली."

ते कॅन्सरचे फोटो पाहून मुलं घाबरतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी नववीच्या वर्गात उभे राहिलेले नाही. पहिल्या फोटोला शांतता होते. दुसऱ्या फोटोला मागच्या बाकावरून आवाज येतो, "अबे, हा तुह्या मामासारखा दिसते." तिसऱ्या फोटोला मामाचा भाचा आणि त्याचा मित्र बाकाखाली एकमेकांना बुक्क्या मारत असतात.

फोटोंच्या आधी असतात चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव नसतं, फक्त हजेरीचा नंबर, आणि ती आम्ही शिक्षकांना दाखवत नाही. तीन प्रश्न. बिडी-सिगरेट कधी ओढली आहेस का? जवळच्या कोणी दिली तर ओढशील का? येत्या वर्षभरात ओढशील असं तुला वाटतं का? पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. पुढच्या दोन्हींना चार उत्तरं, त्यातल्या एकावर खूण करायची: नक्की हो, बहुतेक हो, बहुतेक नाही, नक्की नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पहिला प्रश्न महत्त्वाचा. चार वर्षं मलाही तसंच वाटलं. मी दोन गठ्ठे करायची. ओढली आहे म्हणणाऱ्यांचा एक. त्यांच्यामागे मी हात धुऊन लागायची, बोलवायची, समजवायची, घरी जायची. कधीच ओढली नाही म्हणणाऱ्यांचा दुसरा. त्यांना शाब्बास म्हणायचं, गठ्ठ्याला रबरबँड लावायचं, कपाटात टाकायचं. चांगली पोरं, त्यांची काळजी नाही.

या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच. ज्या मुलानं कधी ओढलेली नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला ‘बहुतेक नाही’वर खूण केली आहे, त्याचा निर्णय अजून झालेला नसतो. तो निर्णय दुसरंच कोणीतरी घेणार असतं. मित्र, काका, पानटपरीवर उभा असलेला गावातला भाऊ. त्या मुलाला आज माणूस हवा असतो आणि आम्ही त्याला रबरबँड लावतो.

प्रज्वलची चिठ्ठी अशीच होती. कधीच नाही. बहुतेक नाही. नक्की नाही. मी ती चांगल्या पोरांच्या गठ्ठ्यात टाकली.

पुढची चूक नाटकाची. आमच्या पथनाट्यात झुरकेराव नावाचं पात्र होतं. तो सतत बिडी ओढतो, शेवटी दवाखान्यात पडतो, आणि डॉक्टरीणबाई त्याला व्याख्यान देतात. झुरकेरावाचं काम कोणाला द्यायचं? जी पोरं ओढतात त्यांना देणं बरं नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी वर्गातला सगळ्यात सज्जन मुलगा निवडला. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, वेळेवर येणारा, सांगितलं ते ऐकणारा, शिक्षकांचा लाडका. प्रज्वल.

बिडी म्हणून त्याला खाकी कागद गुंडाळलेला खडू दिला. मी काही शिकवायच्या आतच त्यानं तो ओठांच्या कोपऱ्यात धरला, वारा लागू नये म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, मान वाकडी केली, धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून एक डोळा मिटला, दोनदा ओढल्यासारखं करून टोक नीट पेटलं का ते पाहिलं. न पेटलेल्या खडूचं टोक! आम्ही सगळे टाळ्या पिटायला लागलो.

"अरे, काय नॅचरल करतोस!" मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचं काम करणारी ऋतुजा कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "ताई, हा तं खरंच पेते वाटते."

प्रज्वलचे कान लाल झाले. "नाई ताई, आईची शप्पथ."

मी ऋतुजालाच झापलं. पोरगं खरं बोलत होतं, हे मला आजही मान्य आहे. पण हे सगळं तुला कुठून येतं, एवढा एक प्रश्न मी त्याला विचारला नाही. चार वर्षं प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटत फिरणारी बाई मी.

करीच्या दिवशी पारासमोर प्रयोग झाला. बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले, गाव निवांत, गर्दी भरपूर. झुरकेरावाच्या एकेका झुरक्याला शिट्ट्या पडत होत्या. डॉक्टरीणबाईंच्या व्याख्यानाला लोक चुळबुळ करायला लागले. म्हणजे ज्याला मरायचं होतं तो आमचा हिरो झाला, आणि वाचवणारी बाई कंटाळवाणी. मी मात्र टाळ्या मोजत होते. त्यानंतर काय झालं ते वर लिहिलं आहे.

मला ते कळलं गणपती उठल्यावर. अहवालात लावायला तो फोटो मी संगणकावर मोठा करून पाहत होते. खाली ओळही टाइप करून झाली होती: ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. डाव्या कोपऱ्यात प्रज्वल. तोच आडोसा, तीच वाकडी मान. मला हसू आलं, नाटक संपलं तरी पोरगं भूमिकेतून बाहेर आलं नाही. मग त्याच्या तोंडासमोर पांढरं काहीतरी दिसलं. अजून मोठं केलं. धूर होता. खडूतून धूर निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी त्या गावाला गेले.

स्टॉपवर उतरलं की समोर पानटपरी. टपरीतून शाळेची भिंत दिसते. टपरीवाले चाचा वयस्कर, गोड बोलणारे. मी कायद्याची पुस्तिका काढली. शाळेजवळ विकायचं नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही, मुलाच्या हाती तंबाखू देणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, सगळं म्हणून दाखवलं. चाचांनी चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, मी पोट्ट्याले कुठी विकतो? पोट्टं बिडीचा कट्टा घेऊन जाते, पन पेते तं त्याचा आबाजी. मी आबाजीले विकून राह्यलो. पोट्टं तं निसते हात हायेत."

"अन् त्या हाताला सवय लागली तर चाचा?"

"ते घरच्यायनं पाहावं. मी काय त्याचा बाप हाय?"

मी चिडून निघाले. पण खोटं कशाला सांगू, ‘निसते हात’ हा शब्द डोक्यात घेऊन निघाले.

प्रज्वलचा मळा गावाच्या कडेलाच. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरचा बाजार, म्हणून सगळं घर विहिरीजवळच्या सावलीत मेथीच्या जुड्या बांधत बसलं होतं. आबाजी बाजेवर, आई आणि प्रज्वल खाली. वडील मोटारीच्या दुरुस्तीला गेलेले.

"या या, नाटकवाल्या मॅडम!" आबाजींनी बाजेवर जागा केली. "आमच्या नातवाचं लय नाव झालं बाप्पा गावात. झुरकेराव म्हनतेत त्याले."

मी विषय कसा काढावा याचा विचार करत होते, तेवढ्यात आबाजी म्हणाले, "बाबू, जराक बिडी पेटवून आन."

प्रज्वल उठला. आबाजींच्या बंडीच्या खिशातून त्यानंच बिडी काढली. पलीकडे आंघोळीच्या पाण्याची चूल धगधगत होती. चुलीजवळ कागदांचा एक ढीग, जाळ लावायला ठेवलेला. त्यातला एक कागद त्यानं ओढला, पीळ दिला, चुलीत धरून पेटवला. तो कागद मी ओळखला. माझंच पत्रक होतं. ‘व्यसन सोडा, संसार जोडा’. मग बिडी ओठांत धरली, तळव्यांचा आडोसा केला, मान वाकडी, एक डोळा बंद, दोन दम ओढले, टोक लाल झालं का पाहिलं, आणि बिडी आणून आजोबांच्या हातात दिली. पाण्याचा तांब्या आणून द्यावा तशी. आईनं जुडीवरून मान वरही केली नाही.

मी प्रज्वललाच विचारलं, "कधीपासून आणतोस रे?"

"पैलीत व्हतो तवापासून."

आबाजी हसले. "त्याच्या बापानं मले अशीच आनून देल्ली, अन् मी माह्या बापाले. वाऱ्यात काडी टिकत नाई ना. त्यात काय? थो धूर गिळत नाई, थुकून देते."

तिथं मी जे करायला नको ते केलं. उभी राहिले आणि पत्रक बोलायला लागले. निकोटीन, फुप्फुस, कर्करोग, कायदा, कोवळं वय, पालकांची जबाबदारी. करीच्या दिवसाची सिगरेटही सांगितली, फोटोही दाखवला. आईनं फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आबाजींनी पाहिला, मोबाइल परत दिला, आणि शांतपणे म्हणाले,

"बाई, घरात आमी बिडी निसती पेटवाले देल्ली. गावासमोर ओढाले तुमी लावली."

मोबाइल पिशवीत टाकून मी खाली बसले. "हो आबाजी," म्हणाले, "माझं चुकलं."

 मग आई हळूच म्हणाली, "मॅडम, माहं लेकरू मोठ्यायचं ऐकते. कोनाचा शब्द खाली पडू देत नाई. आमी हेच शिकवलं त्याले. हे वाईट झालं का?"

रस्त्यापर्यंत सोडायला प्रज्वल माझ्याबरोबर आला. करीला काकानं काय म्हणून सिगरेट हातात दिली, ते त्यानं सांगितलं. मी विचारलं, "त्यानंतर ओढलीस?"

"हो."

"किती वेळा?"

"धा-बारा असतीन. काका देते, काकाचे दोस्त देतेत. ‘ये झुरकेराव’ म्हनतेत."

"आवडते?"

"नाई. खोकला येते."

"मग काहून पेतोस रे बाबा?"

तो थांबला. चपलेनं माती उकरत म्हणाला, "ताई, मोठ्या मानसानं देल्ली तं नाई कसं म्हनावं? उलटून बोलल्यावानी होते."

मग मी त्याला त्या चिठ्ठीबद्दल विचारलं. कधी ओढली नव्हतीस, तर ‘बहुतेक नाही’वर खूण का केलीस? ‘नक्की नाही’ का नाही?

"तुमीच म्हनल्या होत्या ना, खरं लिहा म्हनून."

मंगरूळपीरला येईपर्यंत मी खिडकीतून काय पाहिलं, मला आठवत नाही. इतकी वर्षं मी बिघडलेली पोरं शोधत होते. बिघडलेली पोरं कोणाचंच ऐकत नाहीत, माझंही नाही आणि टपरीवरच्या भावाचंही नाही. धोका असतो तो शहाण्या पोराला. ज्याला आपण शाब्बास म्हणतो, पाहुण्यांसमोर उभं करतो, ‘आमचा हा शब्दाबाहेर नाही’ म्हणून मिरवतो, त्याला. त्याच्या हाताला बिडी ओळखीची करून ठेवतो घरात, आणि तोंडातून ‘नाही’ हा शब्द काढून घेतो. मग त्याला सिगरेट द्यायला फार मोठा बदमाश लागत नाही. हसणारा काका पुरतो.

ऑफिसात जाऊन मी कपाटातले चांगल्या पोरांचे जुने गठ्ठे काढले आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. किती ‘बहुतेक नाही’ निघाले ते सांगत नाही, आकड्यांनी तुम्ही हळहळाल आणि विसराल. पण त्यातल्या जितक्या मुलांपर्यंत पोचता आलं, तितक्यांना भेटले. मानोऱ्याच्या बाजूला एका तांड्यावरचा मुलगा होता. आईबाप हंगामाला बाहेर, घरात मोठे चुलतभाऊ. तो म्हणाला, "ताई, संध्याकाळी समदे बिडी पेतेत. मी नाई पेली तं बसू कोनाजवळ?" एका मुलीनं सांगितलं, तिचा भाऊ कधीच ओढत नाही, फक्त रील काढताना तोंडात धरतो, कारण त्याशिवाय लाइक येत नाहीत. इंझोरीकडून येताना एस.टी.त शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "आमचे बाबा ओढतेत, त्याह्यले काई झालं नाई, मंग मले काय होते?" यातलं एकही पोर वाईट नाही. एकालाही सिगरेटची तलफ नाही. एकाला सोबत हवी आहे, एकाला कौतुक, एक बापाकडे पाहून हिशेब मांडतो आहे. तलफ नंतर येते, आणि ती आली की मग आम्हाला बोलावतात.

आमचं नाटक मी बंद केलं. ऑफिसमधले सर वैतागले. "नाटक नाही तर फोटो कशाचा देऊ?" मी म्हणाले, "नाही म्हणणाऱ्या पोरांचा द्या." "त्यात दिसणार काय?" दिसणार काहीच नाही, हे खरं होतं.

नव्या कामात एकच गोष्ट: नाही म्हणण्याची तालीम. शाळेतले शिपाई काका स्वतः बिडी ओढणारे. त्यांना मी खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही खरोखर हुकूम सोडायचा. कवायतीसारखं एकेकानं उठून नकार द्यायचा, पण माणसाचा अपमान करायचा नाही. काकांनी पाय लांब केले आणि गरजले, "ए पोरा, जाय, बिडीचा कट्टा घेऊन ये!"

वर्ग खिदळला.  आणि तीन मुलं उठून दाराकडे चालायला लागली. आणायला! मी हाक मारली तेव्हा ती दचकून थांबली. त्या दिवशी मला माझ्या विषयातलं जेवढं कळलं, तेवढं आधीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं.

वाट दाखवली ऋतुजानं. ती उठून म्हणाली, "काका, तुमची बिडी तुमी आना. मी पानी आनून देते." वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आमच्याकडे हाच पाठ आहे: बिडीला नाही, माणसाला पाणी.

प्रज्वल चार वेळा उभा राहिला आणि चारही वेळा मान खाली घालून बसला. पाचव्या वेळी तोंडातून फक्त "नाई" निघालं, तेही शर्टाच्या बटणाला ऐकू जाईल एवढं.

"मोठ्यानं म्हन बे," शिपाई काका म्हणाले, "मले कानानं कमी ऐकू येते. पाच वर्सं झाली, हेडमास्तरचंबी ऐकू नाई येत." वर्ग हसला, प्रज्वलही हसला, आणि हसता हसता दुसरं ‘नाई’ जरा मोठं निघालं.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रज्वलच्या मोठ्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आईनं मला आग्रहानं बोलावलं. इथल्या ज्या वाचकांनी असलं साक्षगंध पाहिलं आहे, त्यांना पुढची ओळ माहीत आहे. जेवणं झाली की पाहुणे मांडवात टेकतात आणि ताट निघतं. ताटात सुपारी, लवंग, सोडलेले बिडीचे कट्टे, पेल्यात फुलासारख्या उभ्या सिगरेटी, काडीपेटी. ताट फिरवायचा मान घरच्या मुलाचा. तो एकेका पाहुण्यासमोर वाकतो, पाहुणा उचलतो, काही पाहुणे ‘पेटव बेटा’ म्हणून तोंड पुढे करतात. ताट फिरलं नाही तर सोयऱ्यांचा मान राहिला नाही असं धरतात.

काकानं ताट आणून प्रज्वलच्या हातात दिलं. प्रज्वलनं ते घेतलं नाही.

"काका, मी पानी फिरवतो. हे नाई फिरवत."

"काहून बे? हिरो झाला काय लय?"

"नाई फिरवत."

दोनच शब्द, पण मांडवात ऐकू गेले. पाहुण्यांनी माना वळवल्या. काका हसला, पण त्याचा चेहरा काळवंडला होता. त्यानं ताट आपल्या मुलाच्या हातात ठेवलं. सोनू, वय नऊ. सोनू खूश. दोन्ही हातांनी ताट सांभाळत तो पहिल्या पाहुण्यासमोर गेला. पाहुण्यानं सिगरेट तोंडात धरली आणि म्हणाला, "पेटव बेटा." सोनूनं ताट मांडीवर टेकवून काडी ओढली.

मी उठणार होते. खरंच उठणार होते. माझ्या आधी प्रज्वल पोचला. त्यानं काडीवर फुंकर मारली, सोनूच्या हातचं ताट घेतलं, मांडवाच्या मधोमध एका रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाला, "ज्याले पायजे त्यानं इथून घ्या. लेकराच्या हातून नाई." आवाज नुकताच फुटलेला, वाक्य अर्ध्यात चिरकलं. कोणी हसलं नाही.

त्याच्या वडिलांनी दंड धरून त्याला घरामागे नेलं. मी धावत गेले तोवर दोन थपडा बसून गेल्या होत्या.

"भाऊ, मला मारा," मी मध्ये उभी राहिले. "हे मी शिकवलं त्याला."

"सोयऱ्यायसमोर नाक कापलं यानं!" ते ओरडले. भला माणूस आहे, मुलावर कधी हात टाकत नाही. "पोरीचं साक्षगंध हाय आज, मॅडम. आज नाई जमत होतं का तुमचं हे?"

प्रज्वल रडला नाही. गालावर बोटं उमटलेली, श्वास जोरात चाललेला. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, पानी फिरवू का पाहुन्यायले?"

वडिलांनी त्याचा दंड सोडला. मग म्हणाले, "जाय."

तो गेला आणि पाणी फिरवत राहिला. ज्यांच्यासमोर त्यानं नाही म्हटलं होतं, त्या प्रत्येकासमोर वाकून.

सोयरीक मोडली नाही. लग्न झालं, मुलगी नांदते आहे. लग्नातही ताट होतं. फक्त ते टेबलावर होतं आणि टेबलाजवळ मुलं नव्हती. माझ्या कामात याला विजय म्हणतात, तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. आबाजींनी बिडी सोडलेली नाही आणि ते सोडतील असं मला वाटत नाही. पण काडीपेटी आता त्यांच्या स्वतःच्या खिशात असते, आणि वाऱ्यात काडी विझली की ते मला शिव्या देतात, असं ऐकते. काका प्रज्वलशी बोलत नाही. सोनू कोणाचं ऐकून मोठा होतो, हे मला माहीत नाही, आणि ते मला झोपू देत नाही.

प्रज्वल यंदा दहावीला आहे. आज तो ओढत नाही. उद्याचं मी लिहून देणार नाही, कारण उद्या कोण त्याच्यासमोर काय धरील ते माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे.

म्हणून मागते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की तुमच्याही गावात मांडव पडतील, ताटं निघतील. तुमच्या घरात दहा ते सतरा वर्षांचं जे लेकरू आहे, तुमचं, भावाचं, शेजाऱ्याचं, त्याला बोलवा. त्याला सांगा, मी सांगितलं तरी तू बिडी, सिगरेट, तंबाखू आणायची नाही, पेटवायची नाही, फिरवायची नाही. मला नाही म्हणालास तर ते उलटून बोलणं मी धरणार नाही. दुसऱ्या कोणाला नाही म्हणालास आणि त्यानं हात उगारला, तर मी मध्ये उभा राहीन. हे घरातल्या मोठ्या माणसांच्या देखत, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. मग त्याच्याकडून तुमच्या तोंडावर एकदा ‘नाही’ म्हणवून घ्या, आणि तो म्हणाला की हसू नका.

हे काम अंक वाचून झाल्यावर करायचं नाही. हे पान उघडंच पालथं घाला आणि त्याला आत्ता हाक मारा.